गाळा त्यांचा, दुकान आमचं

माझे अब्बा शिंपी आहेत. विरार पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर त्यांचं दुकान आहे. गाळा त्यांनी १९८१ साली पागडीने घेतला. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मदनपुऱ्यात कारागिरी करताना साठवलेले पैसे आणि अम्मीच्या दोन बांगड्या मिळून नऊ हजार रुपये जमले, ते मालकांच्या हातात ठेवले आणि महिना साठ रुपये भाड्याने गाळा मिळाला. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहे की त्या व्यवहाराला आपणही हजर होतो असं मला वाटतं. पैशांची पावती मात्र नाही. त्या काळी पागडी घेणं हा गुन्हा होता, त्यामुळे देणाऱ्याने पावती मागायची नसे. भाडं २००० साली दीडशे होतं. वर्षाला चार टक्के वाढत वाढत आता ते चारशेच्या घरात आलं आहे. शेजारच्या नव्या इमारतीत एवढ्याच गाळ्याला वीस हजार मोजावे लागतात.

गेल्या वर्षी रमजानच्या आधी, शिलाईची गर्दी सुरू झाली असताना, मालकांचा नातू दुकानात आला. जुने मालक वारले, त्यांचे चिरंजीव आता थकले. हा नातू आमच्या डोळ्यांसमोर मोठा झाला. त्याचा शाळेचा युनिफॉर्म अब्बांनीच शिवलेला. उभ्या उभ्याच म्हणाला, "मास्टरचाचा, माझं फार्मसीचं शिक्षण झालं. दोन वर्षं दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये काम केलं. आता स्वतःचं टाकायचं म्हणतो. बाहेरचं भाडं परवडत नाही. आपलाच गाळा आहे, म्हणून आधी तुमच्याकडे आलो."

आपलाच गाळा! मराठीतला हा 'आपला' मोठा सोयीचा शब्द. त्यात मी येतो, तुम्हीही येता आणि प्रसंग पाहून तुम्हाला बाहेरही ठेवता येतं. अब्बांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि विचार करून सांगतो म्हणाले. त्या रात्री जेवण झाल्यावर मला म्हणाले, "तू पढी-लिखी आहेस. कायदा काय म्हणतो ते वकिलांना विचारून ये. आणि कायदा बाजूला ठेवून आपण काय करायला पाहिजे, ते तू स्वतः विचार करून सांग."

पहिलं काम सोपं होतं. दुसऱ्यासाठी वर्ष गेलं. हा लेख त्या वर्षाचा हिशेब आहे.

वसईच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एका गृहस्थांना मी भेटले. त्यांनी सांगितलं की आमच्या गाळ्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची जागा त्याने घेतली. त्याचा गाभा थोडक्यात असा. भाडेकरू ठरलेलं भाडं देत असेल, द्यायला तयार असेल आणि बाकीच्या अटी पाळत असेल, तर 'गाळा माझा आहे' एवढं म्हणून मालकाला ताबा मिळत नाही. भाडं थकलं तरी आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा दाखल झाल्यावरसुद्धा समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकबाकी पंधरा टक्के व्याजाने आणि खर्चासह भरली व पुढेही भाडं नियमित भरत राहिला, तर गाळा वाचतो.

मग मालकाने ताबा घ्यायचा कधी? त्यासाठी कलम १६ मध्ये कारणं मोजून दिली आहेत. परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करणं, शेजाऱ्यांना उपद्रव देणं, बेकायदा पोटभाडेकरू ठेवणं, सबळ कारण नसताना सहा महिने जागा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी न वापरणं, अशी ही यादी आहे. त्यातलंच एक कारण म्हणजे मालकाला स्वतःसाठी जागेची खरीखुरी आणि वाजवी गरज असणं. मालकांच्या नातवाचं मेडिकल या कारणात बसू शकतं. मात्र इथे कायदा न्यायाधीशाच्या हातात तराजू देतो. गाळा सोडायला लावल्याने भाडेकरूचे हाल जास्त होतील, की सोडायला न लावल्याने मालकाचे, हे त्याने तोलायचं. दोघांपैकी कोणाला दुसरी जागा उपलब्ध आहे, तेही पाहायचं. भाडेकरूचं पारडं जड भरलं तर मालकाची गरज खरी असूनही हुकूमनामा होत नाही. आणि मालकाने गरज सांगून ताबा घेतला, पण महिन्याभरात जागा वापरात आणली नाही किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू कोर्टात जाऊन ती परत मागू शकतो.

वकीलसाहेब हसून म्हणाले, "मास्टरांना सांगा, बिनधास्त शिवत बसा. नातवाने दावा टाकला तरी निकाल लागेपर्यंत त्याचं फार्मसीचं शिक्षण जुनं होईल." हे ऐकून मला आधी हायसं वाटलं आणि मग लाज वाटली. आमचा हक्क आम्हाला कलमाने मिळाला आहे की कोर्टाच्या दिरंगाईने, हे त्या हसण्यातून मला नीट कळेना.

एक गोष्ट इथेच कबूल करायला हवी. त्या कायद्यानुसार भाडेकरू वारला तर दुकानात त्याच्याबरोबर धंदा करणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. असा कोणी नसेल तर वारसालाही तो हक्क पोचू शकतो. अब्बांना मुलगा नाही. मी एकुलती मुलगी. सुईत दोरा ओवण्यापलीकडे मला शिलाई येत नाही आणि मी नोकरी सोडून दुकानात बसणार नाही. पण २००० नंतर मालकाच्या संमतीने भाडेहक्क दुसऱ्याला देऊन मोबदला घेणं कायदेशीर झालं आहे. घरी येताना रिक्षात बसून मी त्या मोबदल्याचा आकडा मनातल्या मनात मांडला. अब्बांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारी व्यक्ती किती निःपक्षपाती होती, हे वाचकांना कळावं म्हणून सांगते.

हे कायदे आले कुठून? पहिल्या महायुद्धात मुंबईत महागाई आणि माणसं दोन्ही वाढली, खोल्या मात्र वाढल्या नाहीत. भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली सरकारने युद्धकाळापुरता भाडेनिर्बंधाचा कायदा केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेच झालं. पुढे १९४७ च्या कायद्याने सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण भाडं धरलं. तात्पुरत्या अडचणीसाठी केलेला कायदा वारंवार मुदत वाढवत अर्धं शतक चालला. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की एकेकाळी योग्य असलेली ही गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी झाली आहेत. सामाजिक न्याय म्हणून केलेला कायदा एका बाजूला इतका झुकला तर दुसऱ्या बाजूवर अन्याय होतो, असा त्या निकालाचा रोख होता. त्यानंतर नवा कायदा आला. त्यात वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, पागडीला मान्यता मिळाली आणि बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या व एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांचं संरक्षण गेलं. ते बरोबरच झालं. दुबळ्यासाठी उभारलेल्या भिंतीआड बँकेने बसायचं काय कारण?

पण आमच्या बाबतीत दुबळा कोण? १९८१ साली निःसंशय अब्बा होते. आज? बारा-तेरा खोल्यांच्या जुन्या चाळवजा इमारतीचे मालक भाड्याच्या जमा रकमेत छपराची गळती बंद करू शकत नाहीत. नातू दुसऱ्याच्या काउंटरवर उभा राहतो. मी पगारदार आहे, अब्बांना उपाशी राहायची पाळी येणार नाही. कायदा 'मालक' आणि 'भाडेकरू' अशी दोन नावं घेऊन बसला आहे आणि त्या नावांमागची माणसं चाळीस वर्षांत बदलून गेली आहेत.

याच आठवड्यात दुसरा प्रकार घडला. माझी खाला नालासोपाऱ्याला राहते. खालूंच्या इंतकालनंतर तिच्याकडे एकच मिळकत उरली, ती म्हणजे एक गाळा. तो तिने मोबाइल विकणाऱ्या एका मुलाला तेहतीस महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता. मुदत संपून सात महिने झाले. तो ना निघतो ना भाडं वाढवतो. खालाच्या मुलाला तिथे झेरॉक्सचं दुकान काढायचं आहे. तिला तिच्या बिल्डिंगमधल्या लोकांनी सल्ला दिला, "रात्री कुलूप लावा, लाइट कापा, सामान बाहेर काढा. तुमचा गाळा, तुम्हाला कोण विचारणार?"

मी तिच्याकडे गेले ते संतापूनच. तो मुलगा किती निर्लज्ज आहे, मुदत संपल्यावर दुसऱ्याच्या जागेत बसून राहणं म्हणजे सरळ गसब आहे, असं मी तावातावाने बोलत होते. खाला शांतपणे म्हणाली, "मग तुझ्या अब्बांचं काय?"

मी गप्प झाले. परवाना आणि भाडेपट्टा यांत कायद्याने फरक आहे, परवानाधारकाला ते संरक्षण नाही, अब्बांनी पागडी दिली आहे, अशी उत्तरं माझ्याकडे होती. ती खरीही होती. पण मी चिडले होते ती काही परवाना आणि भाडेपट्ट्यातल्या फरकासाठी नव्हे. तिथे गाळा आमचा होता, म्हणून चिडले होते.

खालाला मी जे सांगितलं ते मात्र आजही बरोबर वाटतं. कुलूप लावायचं नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चं कलम ६ सांगतं की कायदेशीर मार्ग सोडून कोणाला ताब्यातून बाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो. तिथे जागेची मालकी कोणाची हा प्रश्नच पाहिला जात नाही. भाडे नियंत्रण कायद्यातही भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडायला मालकाला मनाई आहे. प्रथम ऐकताना हे विचित्र वाटतं. माझी वस्तू, मीच परत घेतली, तर गुन्हेगार मीच? पण विचार करावा तसं यातलं शहाणपण पटतं. ज्या दिवशी मालकाला स्वतःच्या हाताने ताबा घ्यायची मुभा मिळेल, त्या दिवसापासून हक्क कागदावर ठरणार नाही. तो चार माणसं कोण जमवू शकतो यावर ठरेल. एकटी विधवा चार माणसं कुठून आणणार? आज मालक म्हणून तिला जाचणारा नियम उद्या तिचंच रक्षण करील. तिने वकिलामार्फत नोटीस दिली, दावा केला. तारखा पडताहेत.

अब्बांच्या मनातला प्रश्न मात्र कोर्टाचा नव्हता. एक दिवस फजरनंतर ते म्हणाले, "बेटा, ये कमाई हलाल है के नहीं, इतना बता." बाजारात वीस हजार भाडं असताना चारशेत बसून शिवलेल्या शेरवानीचे पैसे, असा त्यांच्या प्रश्नाचा अर्थ होता.

फिकहमध्ये भाड्याला इजारा म्हणतात. वस्तू मालकाकडेच राहते, तिचा उपयोग, म्हणजे मनफअत, ठरलेल्या मुदतीसाठी ठरलेल्या मोबदल्यात विकला जातो. मुदत संपली की उपयोग परत मालकाकडे. यावर बोट ठेवून अनेक उलेमा म्हणतात की कायद्याचा आधार घेऊन मालकाच्या मर्जीविरुद्ध जुन्या भाड्यात राहणं गसब आहे. हे मत मी टाळून पुढे जाऊ शकत नाही. पण फिकहची परंपराही एका ओळीची नाही. पागडी ही मुंबईची निपज आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात सोळाव्या शतकातले हनफी फकीह इब्ने नुजैम यांनी कैरोच्या बाजारातल्या दुकानांच्या 'खुलू'ची चर्चा केली आहे. दुकानदार एक रक्कम देऊन गाळ्यात टिकून राहण्याचा हक्क मिळवत, आणि हा रिवाज शरीअतमध्ये धरावा की नाही यावर फकीहांत मतभेद होते. १९८८ साली जिद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने या विषयावर ठराव केला. मालकाने सुरुवातीला घेतलेली एकरकमी रक्कम भाड्याचाच भाग धरली तर ती जायज. मुदत बाकी असताना भाडेकरूने हक्क सोडावा म्हणून मालकाने त्याला मोबदला दिला, तर तोही जायज. मुदत संपल्यावर मात्र भाडेकरूने जागा सोडण्यासाठी पैसे मागणं जायज नाही, कारण त्याचा हक्क संपलेला असतो. भारतातल्या इस्लामिक फिकह अकादमीनेही १९८९ च्या आपल्या पहिल्याच परिसंवादात पागडीचा विषय घेतला होता.

आता अडचण अशी की पागडीच्या व्यवहारात मुदतच लिहिलेली नसते. १९८१ साली जुने मालक आणि अब्बा समोरासमोर बसले, तेव्हा 'किती वर्षांसाठी' हा शब्द कोणीच उच्चारला नाही. दोघांनाही कायदा माहीत होता आणि रिवाजही. नऊ हजार घेणाऱ्याला कळत होतं की हा माणूस आता सहजासहजी उठणार नाही. त्यासाठीच तर नऊ हजार होते. म्हणून अब्बांचं बसणं गसब आहे असं मला म्हणवत नाही. पण त्या नऊ हजारांत किती वर्षं विकत मिळाली? वीस? चाळीस? कयामतपर्यंत? इजाऱ्याला कधीतरी शेवट असलाच पाहिजे, नाहीतर ती विक्री होते, आणि नऊ हजारांत अब्बांनी गाळा विकत घेतला होता असं ते स्वतःही म्हणत नाहीत.

या ठिकाणी समाजाने स्वतःकडेही पाहायला हवं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात देशातल्या नोंदणीकृत वक्फ मिळकती ४.९ लाख आणि जमीन सुमारे ६ लाख एकर दिली आहे. या मिळकतींची बाजारभावाने किंमत सुमारे १.२ लाख कोटी रुपये आणि वार्षिक उत्पन्न जेमतेम १६३ कोटी. यामागे अतिक्रमणं, सरकारी ताबे, बोर्डांचा कारभार अशी अनेक कारणं आहेत. पण मशिदीच्या नाहीतर यतीमखान्याच्या गाळ्यात जुन्या, नाममात्र भाड्याने बसलेला आपलाच माणूस हेही त्यातलं एक कारण आहे. असा भाडेकरू कधी कधी तोच गाळा दुसऱ्याला हजारोंनी देतो आणि जुम्म्याला पहिल्या सफमध्ये उभा राहतो. तिथे मालक श्रीमंत शेठ नसतो. तिथे मालकाच्या जागी ती शिष्यवृत्ती न मिळालेली मुलगी असते.

याचा कायद्यातला एक खटला मला विसरता येत नाही. रमेश गोबिंदराम विरुद्ध सुग्रा हुमायून मिर्झा वक्फ. सुग्रा हुमायून मिर्झा या हैदराबादच्या उर्दू लेखिका, मुलींच्या शिक्षणासाठी झटलेल्या, मुलींची शाळा काढणाऱ्या. आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षिकांना त्या आजीच्या जागी. त्यांच्या नावाच्या वक्फला भाडेकरू काढायचे होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भाडेकरूला काढण्याचा दावा वक्फ न्यायाधिकरणापुढे चालणार नाही, दिवाणी न्यायालयातच जावं लागेल. २०१३ च्या दुरुस्तीने तो अधिकार न्यायाधिकरणाला दिला आणि मुदत संपलेल्या भाडेकरूला अतिक्रमण करणाऱ्यांत धरलं. म्हणजे कायद्याची रेघ कधी इकडे, कधी तिकडे सरकत असते. आज ती माझ्या बाजूला आहे म्हणून मी नेक आहे, असा निष्कर्ष निघत नाही.

मग मी उलट बाजूने विचार करून पाहिला. समजा, कायदा नाही. मालकाने महिन्याची नोटीस दिली आणि अब्बा उठले. गेलं काय? गाळा तर मालकाचाच होता. पण दुकान? गाळा म्हणजे चार भिंती, एक शटर आणि पोटमाळा. दुकान म्हणजे इथे मास्टर बसतात हे विरार ते सफाळ्यापर्यंतच्या लोकांना माहीत असणं. तीन पिढ्यांची मापं लिहिलेली वही. ईदच्या आदल्या रात्री दोन वाजता उघडं असेल ही खात्री. गाळा मालकाने बांधला, दुकान अब्बांनी. मालक गाळा परत घेतो तेव्हा दुकान मोडतं, आणि मोडलेल्या दुकानाची किंमत कोणाच्याच वहीत लिहिली जात नाही. उलट कायद्याने भाडेकरू बसून राहतो तेव्हा गाळ्याची किंमत मालकाच्या हातातून निसटते. दोन्ही वेळा एकाला सगळं मिळतं आणि दुसऱ्याला काहीच नाही.

दुसऱ्या देशांनी यातून वाट काढली आहे. इंग्लंडमध्ये १९५४ च्या कायद्याने दुकानदाराला करार नव्याने मागण्याचा हक्क दिला. मालक स्वतःच्या गरजेसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी नकार देऊ शकतो, पण मग भरपाई द्यावी लागते. फ्रान्समध्ये १९२६ पासून दुकानदाराच्या धंद्याला जवळजवळ मालमत्तेसारखं मानलं जातं. करार सहसा नऊ वर्षांचा असतो आणि विनाकारण नूतनीकरण नाकारणाऱ्या मालकाला मोडलेल्या धंद्याचा मोबदला द्यावा लागतो. गाळा एकाचा आणि दुकान दुसऱ्याचं, हे या कायद्यांनी उघडपणे मान्य केलं आहे. आपल्याकडे न्यायाधीशाने हाल तोलायचे आणि एका बाजूला निकाल द्यायचा. बेगा बेगम विरुद्ध अब्दुल अहद खान या श्रीनगरच्या हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की जागा सोडावी लागणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला त्रास होतोच, तेवढ्याने पारडं झुकत नाही. खरं आहे. पण झुकलेल्या पारड्यातून खाली सांडलेलं उचलायची सोय त्या तराजूत नाही.

आणि गाळ्याची आजची किंमत तरी कोणी वाढवली? अब्बा आले तेव्हा संध्याकाळनंतर या रस्त्यावर अंधार असे. लोकल वाढल्या, माणसं आली, २००९ साली महानगरपालिका झाली. वीस हजारांतले बरेचसे हजार मालकाच्या कष्टाचे नाहीत आणि अब्बांच्याही नाहीत. ते रोज पहाटे विरार लोकलला लटकणाऱ्या लोकांचे आहेत. उर्दूत मालिक हा शब्द आधी अल्लाहसाठी आहे, माणसाच्या हातात असतं ते अमानत म्हणून. वर्गात हे शिकवताना सोपं वाटतं. गाळ्याच्या दारात उभं राहून ते मालकालाही लागू करायचं आणि भाडेकरूलाही, तेव्हा कठीण जातं.

शेवटी मी अब्बांना एवढंच सांगितलं. कायदा तुम्हाला बसू देतो आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. त्या कायद्यामुळे माझी फी भरली गेली. पण कायदा मालकाला थांबवतो तो तुम्ही कमजोर आहात म्हणून. तुम्ही कमजोर राहिला नसाल, तर थांबवण्याचा हक्क वापरायचा की नाही हे कायदा ठरवणार नाही, तुम्हाला ठरवावं लागेल. नातवाची गरज खरी आहे का, एवढंच आधी पाहा.

त्यांनी पाहिलं. मालकांच्या घरी जाऊन बसले. दोन बैठका झाल्या, तिसरीला मीही होते. ठरलं ते असं. अब्बा येत्या दोन ईद तिथेच करतील. त्या काळात भाडं चारशे नव्हे, पाच हजार देतील. नंतर गाळा सोडतील. मालक दुकानाचा मोबदला म्हणून एक रक्कम देतील. ती बाजारात पागडी फिरवून मिळाली असती त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. सगळं कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. १९८१ ची चूक पुन्हा नको, असं म्हातारे मालक स्वतःच म्हणाले. रिक्षात मांडलेला माझा आकडा मी पुसून टाकला. तो पुसताना काहीच वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

हे सगळं होईपर्यंत दुकानातल्या तिसऱ्या माणसाचा विचार आमच्यापैकी कोणी केला नव्हता. अब्बांचा कारागीर बावीस वर्षं त्या पोटमाळ्यावर बसून शिवतो आहे. गाळा त्याचा नाही, दुकानही त्याचं नाही. भाडे कायद्याच्या एकाही कलमात तो बसत नाही. कागदावर सह्या होत होत्या तेव्हा चहा आणून देणारा तोच होता. परतताना अब्बांच्या लक्षात आलं आणि ते रस्त्यातच थांबले. मोबदल्यातला एक हिस्सा आणि दोन्ही मशीन त्याला द्यायचं त्यांनी ठरवलं.

त्याने चंदनसारच्या बाजूला एक छोटा गाळा पाहिला आहे. करार माझ्याकडे वाचायला घेऊन आला. लिव्ह अँड लायसन्स, तेहतीस महिने. मी कलमं वाचून समजावली. डिपॉझिट कधी परत मिळेल, नोटीस किती दिवसांची, पोटमाळा बांधायचा तर लेखी परवानगी घ्यायची. त्याने सगळं नीट ऐकलं, कागदाची घडी घातली आणि विचारलं, "टीचर, तेहतीस महिन्यांनी गिऱ्हाईक जमलेलं असेल. तेव्हा काय?"